अपडेटनंतर नेट नेमकं कुठे अडतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत देखभाल थांबली आणि घरांतले, दुकानांतले, पतसंस्थांतले कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यायची घाई सुरू झाली. अशा मोठ्या अपडेटनंतरची एक तक्रार ठरलेली असते : मशीन सुरू झालं, फाइली जागेवर आहेत, पण नेट नाही. किंवा नेट आहे, पण पलीकडच्या टेबलावरचा प्रिंटर सापडत नाही, हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या शेअर केलेल्या फोल्डरमधून चालतं तो फोल्डर उघडत नाही. यावर आपल्याकडे दोन निकाल लगेच दिले जातात. एक, अपडेटने वाट लावली, आता पुन्हा अपडेट करायचंच नाही. दुसरा, फॉरमॅट मारा. माझं म्हणणं असं की हे दोन्ही निकाल तपासाआधीच दिलेले असतात. अपडेटनंतर तुटणाऱ्या जोडणीमागे तीन अगदी वेगळी कारणं असतात. कधी मशीनमध्ये आधीपासून राहिलेलं तिसऱ्याच कुणाचं सॉफ्टवेअर आडवं येतं. कधी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्याचीच चूक असते. आणि कधी ती जोडणी जाणूनबुजून बंद केलेली असते, कारण ती धोक्याची होती. खुर्चीत बसलेल्याला तिन्ही सारखीच दिसतात. उपाय मात्र इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर कधी दिवस फुकट जातो, आणि कधी मशीन चालू होतं पण चोराला दार उघडं राहतं.

आधी हे पाहू, की अपडेटनंतर नेटच का जातं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत मधे बरीच कामं होतात. नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो, म्हणजे डीएनएस. त्याआधी मशीनला स्वतःचा आयपी पत्ता राउटरकडून मिळालेला असावा लागतो, ते काम डीएचसीपीचं. मग माहितीचे तुकडे पाडून, त्यांवर पत्ते घालून ते खाली उतरतात. वाटेत अँटिव्हायरस, फायरवॉल आणि ऑफिसचं व्हीपीएन त्यांना तपासतात, बदलतात किंवा अडवतात. शेवटी ते नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरकडे जातात, आणि तिथून वायफायच्या लहरींवर किंवा वायरवर. या साखळीतला ड्रायव्हर इंटेल, क्वालकॉम किंवा रिअलटेकचा असतो, अँटिव्हायरस आणखी कुणाचा, व्हीपीएन चौथ्याचं, आणि राउटर पाचव्याचा, तोही बहुधा नेट देणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षं न बदललेला. विंडोजमध्ये या सगळ्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा करार आहे, त्याला एनडीआयएस म्हणतात. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम या दोन कंपन्यांनी मिळून तो केला आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या बदलत आल्या आहेत. कॅल्क्युलेटर किंवा नोटपॅड अपडेटनंतर सहसा बिघडत नाही, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा हात नसतो. नेटवर्कच्या वाटेवर मात्र परक्या कंपन्यांचा कोड सिस्टिमच्या अगदी गाभ्यात जाऊन बसलेला असतो. त्यात मोठं अपडेट हे नावालाच अपडेट असतं. ते जुनी विंडोज बाजूला काढून 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, नवी मांडतं, आणि तुमचे प्रोग्राम, ड्रायव्हर, सेटिंग एकेक करून नव्या घरात हलवतं. या हलवाहलवीत जे नीट बसत नाही, तिथे जोडणी तुटते.

२०१५ चं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी २९ जुलैला विंडोज १० आली आणि ८.१ वरून ती मोफत मिळू लागली. काही लोकांच्या मशीनवर अपग्रेडनंतर वायफायच्या यादीत एकही नाव दिसेना. कार्ड बसवलेलं होतं, ड्रायव्हर बरोबर होता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नव्हतं. काही ठिकाणी वायरनेसुद्धा नेट मिळेना. कारण निघालं ते एका जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये. त्याने पूर्वी कधीतरी नेटवर्कच्या वाटेवर स्वतःचा एक फिल्टर बसवला होता, 'डिटर्मिनिस्टिक नेटवर्क एन्हान्सर' नावाचा. हा फिल्टर नव्या विंडोजमध्ये नीट हलवला गेला नाही. त्याची नोंद तशीच राहिली आणि वाट अडली. मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेला उपाय दोन ओळींचा होता : कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, रजिस्ट्रीतली त्या फिल्टरची नोंद काढायची आणि 'नेटसीएफजी' या कमांडने फिल्टर उतरवायचा. ज्यांना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या हाती राउटर बदलणं किंवा नवं वायफाय कार्ड घेणं एवढंच राहत होतं, आणि बिघाड तर त्या दोन्हींत नव्हताच.

असं का होतं याबद्दल गूगलचे अभियंते हायरम राइट यांनी केलेलं एक निरीक्षण सॉफ्टवेअरच्या जगात त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एखादी प्रणाली पुरेशा लोकांनी वापरली की तिच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर कुणी ना कुणी विसंबून असतंच, मग ती वागणूक करारात लिहिलेली असो वा नसो. जुन्या वाड्याची सामाईक भिंत पाडायला घ्यावी आणि पलीकडच्या बिऱ्हाडाने तिच्यावर मारलेल्या खुंट्या तेव्हा कळाव्यात, तसं हे आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत क्रोमच्या छपन्नाव्या आवृत्तीबरोबर टीएलएस १.३ ही कूटभाषेतल्या संवादाची नवी पद्धत चालू झाली, आणि अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातल्या एका जिल्ह्यातल्या शाळांची क्रोमबुकं चालेनाशी झाली. दोष क्रोममध्ये नव्हता. शाळेच्या नेटवर्कवर ब्लू कोट कंपनीची तपासणी करणारी यंत्रं बसवली होती. अनोळखी आवृत्ती दिसली तर जुन्या आवृत्तीवर बोलणं चालू ठेवावं, हा नियम त्या यंत्रांनी पाळला नाही, त्यांनी जोडणीच तोडली. तरी माघार गूगललाच घ्यावी लागली, टीएलएस १.३ तात्पुरतं बंद करून. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये ही पद्धत अधिकृत झाली, तेव्हा तिचा पहिला संवाद मुद्दाम असा बेतला गेला की मधल्या यंत्राला तो आवृत्ती १.२ सारखाच वाटावा. जगभरच्या जुन्या यंत्रांना न दुखावता पुढे जायचं तर नव्या, अधिक सुरक्षित पद्धतीला जुन्याचा वेश घ्यावा लागला. अपडेट केलेल्यांनी 'अपडेटने बिघडवलं' म्हणावं आणि बिघाड मात्र न बदललेल्या यंत्रात असावा, हे असं होतं.

पण म्हणून अपडेट बनवणारे नेहमी निर्दोष असतात असं नाही, आणि तसं भासवणं वापरणाऱ्यावर अन्याय होईल. ॲपलने १६ ऑक्टोबर २०१४ ला मॅकसाठी योसेमिटी आणली. तिच्यात आजूबाजूची यंत्रं आणि नावं शोधायचं काम करणारा जुना भाग काढून 'डिस्कव्हरीडी' हा नवा बसवला. जुना भाग, 'एमडीएनएसरिस्पॉन्डर', २००२ पासून ते काम करत होता आणि त्याच्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. नव्याने मात्र वायफाय अडखळू लागलं, नावं सापडेनात, एकाच घरातल्या मॅकच्या नावापुढे आपोआप दोन, तीन असे आकडे लागू लागले. शेवटी ३० जून २०१५ च्या दुरुस्तीत ॲपलने डिस्कव्हरीडी काढून जुना भाग परत आणला. साडेआठ महिने जगभरचे लोक राउटर बंद-चालू करत राहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या राउटरला काहीही झालेलं नव्हतं.

डिसेंबर २०१६ चं विंडोज १० चं प्रकरण याहून बोलकं आहे, कारण त्यात उपायाचीच गंमत होती. युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, असंख्य मशीनना एकाएकी आयपी पत्ता मिळेना. विंडोजमधली एक सेवा कोसळत होती आणि तिच्याबरोबर पत्ता मिळवण्याचं कामही बंद पडत होतं. १३ डिसेंबरच्या अपडेटमध्ये ही चूक दुरुस्त केल्याचं मायक्रोसॉफ्टने लिहिलं. दरम्यान लोकांना सांगितलं गेलं : मशीन रीस्टार्ट करा, शटडाउन नको. पुष्कळांना हे दोन्ही एकच वाटतं. विंडोज ८ पासून ते तसं नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन म्हटल्यावर विंडोज आपला गाभा, ड्रायव्हरसकट, डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते, म्हणजे बिघडलेली अवस्थाही जशीच्या तशी परत येते. रीस्टार्टमध्ये गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. 'रात्री बंद करून सकाळी चालू केलं तरी नेट नाही' असं म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो. त्याने रीस्टार्ट केलेलं नसतं, इतकंच. आणि या सगळ्यात एक दुखरी बाब होती : ही सूचना कंपनीच्या वेबसाइटवर लावली होती, म्हणजे ज्याचं नेट गेलंय त्याला ती दिसणार कशी?

कधी कधी तर जोडणी शाबूत असते आणि निरोप तेवढा खोटा असतो. विंडोजच्या कोपऱ्यात जगाच्या गोळ्याचं चिन्ह आणि 'नो इंटरनेट' असं दिसतं, ते ठरवतं कोण? विंडोज अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून एक छोटी मजकूर-फाइल मागवते. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द असतात. ते मिळाले तर नेट आहे, नाही मिळाले तर नाही. ही चाचणी चुकली की विंडोजचा अंदाज चुकतो. २०२० च्या सुरुवातीच्या अपडेटनंतर प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणाऱ्या काही मशीनवर हेच झालं. चिन्ह नेट नसल्याचं सांगू लागलं, आणि त्या चिन्हावर विश्वास ठेवणारे काही प्रोग्राम स्वतःहून बंद राहिले. नेमके ते दिवस टाळेबंदीचे होते, जग घरून व्हीपीएनवर काम करत होतं. मायक्रोसॉफ्टला ३० मार्च २०२० ला नेहमीचं वेळापत्रक मोडून दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा गोळ्यावर विसंबू नका. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडतंय का ते पाहा.

आता तिसरं कारण, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतलं गेलेलं. एका कॉम्प्युटरचा फोल्डर दुसऱ्यावर उघडण्यासाठी विंडोज एसएमबी नावाची पद्धत वापरते. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, जेव्हा ऑफिसच्या नेटवर्कवर परका कुणी असेल ही कल्पनाच नव्हती. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले या विभागाचे जाणकार नेड पाईल यांनी 'एसएमबी-१ वापरणं थांबवा' असं जाहीरपणे, जवळजवळ काकुळतीने लिहिलं. फारसं कुणी ऐकलं नाही. १४ मार्च २०१७ ला तिच्यातल्या एका गंभीर भोकाची दुरुस्ती निघाली. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून 'वॉनाक्राय' शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसह दीडशेच्या आसपास देशांतली मशीन कुलूपबंद झाली. दुरुस्ती आणि हल्ला यांत ५९ दिवसांचं अंतर होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या मशीनवर एसएमबी-१ चा सर्व्हर भाग देणंच बंद झालं, आणि त्याचा क्लायंट भाग पंधरा दिवस वापरात नसेल तर आपोआप निघून जाऊ लागला. ज्यांच्या जुन्या नेटवर्क डिस्क किंवा स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारी झेरॉक्स मशीन फक्त एसएमबी-१ बोलत होत्या, त्यांना वाटलं की अपडेटने नेटवर्क बिघडवलं. खरं तर अपडेटने एक पडकं दार चिणून टाकलं होतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत हेच पुढचं पाऊल टाकलं गेलं. प्रो आवृत्तीत आता एसएमबीच्या प्रत्येक संवादावर डिजिटल सही लागते, म्हणजे मधे बसून कुणी मजकूर बदलला तर तो पकडला जातो. शिवाय पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणं बंद झालं. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत नेमकी हीच पद्धत रूढ आहे : एका मशीनवर फोल्डर शेअर करायचा, 'एव्हरीवन'ला परवानगी द्यायची, पासवर्ड काढून टाकायचा. अपडेटनंतर ते फोल्डर उघडत नाहीत. यावरचा खरा उपाय पाच मिनिटांचा आहे. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे एक यूजर आणि पासवर्ड तयार करायचा आणि बाकीच्या मशीनवर तो एकदा भरायचा. नेटवर्क डिस्क असेल तर तिचं फर्मवेअर अद्ययावत करून एसएमबीची नवी आवृत्ती आणि सही चालू करायची. तरी बहुतेक ठिकाणी होतं ते उलट. सही बंद केली जाते, गेस्ट पुन्हा चालू केला जातो, एसएमबी-१ परत बसवलं जातं, कारण यूट्यूबवर तसं दाखवलेलं असतं आणि ते लगेच चालतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये शेअर केलेल्या प्रिंटरवर '११बी' ने संपणारा एरर नंबर दिसू लागला, तेव्हाही असंच घडलं. प्रिंटिंगमधल्या एका दोषावर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी जानेवारीत दुरुस्ती दिली होती आणि नवा नियम लगेच सक्तीचा न करता आठ महिने सवड ठेवली होती. सप्टेंबरात सक्ती आली. ज्या ऑफिसांत एक मशीन अपडेट केलेलं आणि प्रिंटर जोडलेलं दुसरं न केलेलं, तिथे छपाई थांबली. सरळ मार्ग होता दोन्ही मशीन अद्ययावत करण्याचा. पसरला तो मात्र रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करण्याचा जुगाड, ज्याने छपाई सुरू होते आणि जानेवारीपासूनचं संरक्षण पुसलं जातं. ती शून्य केलेली नोंद परत कुणी बदलायला जात नाही. दुरुस्तीवाला पैसे घेऊन गेलेला असतो, कागद छापला जात असतो, आणि त्या मशीनचं एक कुलूप काढून ठेवलंय हे मालकाला कधी कळतच नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप साहजिक आहे : मग अपडेट करायचंच कशाला, चाललंय ते चालू दे. या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो मान्य करायला हवा. मोठं अपडेट आलं त्याच दिवशी टाकण्याची काही गरज नसते. मायक्रोसॉफ्ट स्वतःच एखाद्या ड्रायव्हरबरोबर अडचण आढळली की तशा मशीनना ते अपडेट देणं रोखून धरते. विंडोज ११ च्या होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने देखभाल मिळते, त्यामुळे काही आठवडे थांबल्याने नुकसान नाही. पण थांबणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या नाकारल्या तर काय होतं ते वॉनाक्रायने दाखवलं, आणि सहा आठवड्यांनी ते आपल्या दारात आलं. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' पसरला तेव्हा मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं, न्हावा शेव्यात कंटेनर अडकून पडले. इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की नॉटपेट्याची सुरुवातच युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती, शिवाय तो चोरलेले पासवर्ड वापरून दुरुस्त केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. खरं आहे. अपडेट हे कवच नव्हे. पण एकदा आत आल्यावर तो मशीनमागून मशीन घेत गेला, त्यातली एक वाट तेच मार्चमध्ये बुजवलेलं भोक होतं.

दुसरा आक्षेप कंपन्यांवर आहे : कोट्यवधी लोकांना द्यायच्या आधी तपासत का नाहीत? तपासतात. महिनोन्‌महिने स्वयंसेवकांच्या मशीनवर आवृत्त्या चालवल्या जातात. पण कार्ड, ड्रायव्हर, अँटिव्हायरस, व्हीपीएन आणि राउटर यांच्या जोड्या इतक्या असंख्य आहेत की सगळ्या प्रयोगशाळेत मांडणं अशक्य आहे. म्हणून सगळं आधी सापडलं पाहिजे अशी अपेक्षा मी धरत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर विद्यापीठं आणि मोठ्या ऑफिसांतल्या काही वायफाय नेटवर्कना मशीन जोडली जाईनात, आणि मायक्रोसॉफ्टने ते 'नोन इश्यू रोलबॅक' नावाच्या सोयीने सावरलं. ही सोय चांगली आहे. सुरक्षेशी संबंध नसलेल्या बदलाचा जुना कोड सिस्टिममध्ये जपून ठेवलेला असतो आणि दुरून एक कळ फिरवून तो परत चालू करता येतो. पण ती कळ फिरवल्याचा निरोप येतो नेटवरूनच. जोडणीच तुटलेली असताना जोडणीवरून येणारा उपाय अपुरा आहे, हे २०१६ मध्येच कळायला हवं होतं. मोठं अपडेट सुरू होण्यापूर्वी सिस्टिमला तुमच्या नेटवर्कच्या वाटेवर कुणाकुणाचे फिल्टर बसलेत हे माहीत असतं, तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड नाही हेही तिला कळू शकतं. ते तिने त्याच वेळी, साध्या भाषेत, मराठीत सांगायला हवं. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' हा निरोप, जेव्हा खरं कारण 'हे दार आम्ही सुरक्षेसाठी बंद केलंय' असं असतं, तेव्हा तो निव्वळ दिशाभूल करतो. जुगाडांना बाजार मिळतो तो अशा निरोपांमुळेच.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा शोध सामान्य माणसाला जमणार नाही. पुष्कळसा जमतो. पहिलं, त्याच वायफायवर फोन चालतोय का ते पाहा. चालत असेल तर राउटरला हात लावू नका. मग खरोखरचं रीस्टार्ट करा. मशीनला वायफायची नावंच दिसत नसतील तर शंका ड्रायव्हरवर किंवा राहून गेलेल्या फिल्टरवर घ्यायची. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट मशीनला द्यावं, ते बहुधा चालतं, आणि लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. नावं दिसतात, जोडलं जातं, तरी नेट नाही असं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' लिहून पाहा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही, मशीनने स्वतःच एक घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर ८.८.८.८ ला 'पिंग' करा. आकड्याला उत्तर येतं पण साइटच्या नावाला येत नाही, म्हणजे अडचण डीएनएसमध्ये. आणि नेट व्यवस्थित चालतंय, फक्त शेअर किंवा प्रिंटर उघडत नाही, तर शंभरातल्या बहुतेक वेळा ते तिसरं कारण समजा. दार मुद्दाम बंद केलेलं आहे, ते फोडण्याऐवजी किल्ली बनवायची आहे. सेटिंगमधलं 'नेटवर्क रीसेट' हे बटण मात्र शेवटी ठेवा. ते वायफायचे साठवलेले पासवर्ड, व्हीपीएनच्या नोंदी, हाताने भरलेले आयपी पत्ते सगळं साफ करतं, आणि मग आधी काय बिघडलं होतं हेही कळायचं राहून जातं.

विंडोज ११ वर जायचं अजून बाकी असेल, तर त्याआधी नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, न लागणारी जुनी व्हीपीएन आणि दुसरा अँटिव्हायरस काढून टाका, हाताने दिलेले आयपी पत्ते आणि वायफायचा पासवर्ड कागदावर लिहा, आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढा. अपडेटनंतर काही अडलंच तर पडद्यावरचा एरर नंबर जसाच्या तसा लिहून घ्या, कारण त्यावरूनच कारण तीनपैकी कोणतं ते बहुधा कळतं. आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला जाताना एवढं नक्की विचारा : तुम्ही काय बंद केलंत, आणि काय परत चालू केलंत? उत्तरात फायरवॉल, एसएमबी-१ किंवा गेस्ट यांतलं काहीही आलं, तर त्याला परत बसवा आणि ते काम पासवर्ड घालून करून घ्या.